जुगाराच्या शहरामागचा ओढा

लास व्हेगासला जाऊन आलेला नातेवाईक भेटला की त्याच्या मोबाइलमधले फोटो कोणते असणार, हे आधीच सांगता येते. बेलाजिओ हॉटेलसमोरची नाचती कारंजी, रोषणाईत न्हालेला रस्ता, खोटा आयफेल टॉवर आणि खोटे पिरॅमिड. या हॉटेलांच्या नळांचे, टबांचे आणि शौचालयांचे पाणी पुढे कुठे जाते, असे विचारले तर तो गोंधळतो. त्या शहरात मात्र हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. ते पाणी प्रक्रिया होऊन शहराच्या पूर्वेकडील एका ओढ्यात जाते. त्या ओढ्याकाठी लव्हाळे, पाणकणीस आणि विलोची झाडे वाढली आहेत, बगळे उभे असतात, बदके तरंगत असतात. हॉटेले आणि हे पाणथळ यांच्यात मैलांचे अंतर आहे, पण दोघांचे पाणी एकच.

निसर्गरम्य पाणथळाच्या कुशीत कॅसिनो हॉटेल बांधण्याच्या कल्पना जगभर अधूनमधून निघतात. चित्रे देखणी असतात. काचेच्या भिंती, समोर तळे, तळ्यात पक्षी, आत रूलेटची चक्रे. ही कल्पना किती खरी आणि किती सजावटीची, हे तपासायला लास व्हेगाससारखी दुसरी जागा नाही, कारण या शहराची सुरुवातच पाणथळाने झाली. स्पॅनिश भाषेत ‘लास व्हेगास’ म्हणजे कुरणे. वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या वाळवंटात (मुंबईत जुलैच्या एखाद्या दिवशी एवढा पाऊस होऊन जातो) जमिनीतून पाण्याचे झरे वर येत आणि त्यांच्या ओलीवर हिरवी कुरणे पोसली जात. दक्षिण पायूट लोकांचा वावर या झऱ्यांभोवती होता. १८४४च्या मे महिन्यात जॉन फ्रेमॉन्ट या अमेरिकी सर्वेक्षकाने इथेच तळ ठोकला. १९०५ मध्ये रेल्वे आली, भूखंडांचा लिलाव झाला आणि शहर उभे राहिले. तेही या झऱ्यांच्या पाण्यासाठीच, कारण वाफेच्या इंजिनांना पाणी हवे होते.

नंतरची गोष्ट आपल्याकडच्या कोणत्याही बोअरवेलवाल्या गावाला ओळखीची वाटेल. विहिरी वाढल्या, उपसा वाढला, पातळी खाली गेली. १९६२ मध्ये झरे वाहायचे थांबले. खालचे पाणी उपसले गेल्याने खोऱ्यातील काही भागांत जमीन पाच फुटांहून अधिक खचली. झऱ्यांतला एक छोटा मासा, लास व्हेगास डेस, जगातून कायमचा गेला. इथला ठिपकेदार बेडूकही गेला असे अनेक दशके मानले जात होते. पण २०११ मध्ये संशोधकांनी संग्रहालयात जपलेल्या जुन्या नमुन्यांतील डीएनए तपासला, तेव्हा कळले की ॲरिझोनाच्या डोंगराळ भागातील एका बेडकाशी तो जुळतो. म्हणजे जात शिल्लक आहे, पण व्हेगासमधले तिचे घर संपले. ज्या नावाने शहर जगाला माहीत आहे, ती कुरणे अशी गेली.

यात जुगाराचा दोष किती? खरे सांगायचे तर सुरुवातीला फारसा नाही. नेवाडा राज्याने जुगार कायदेशीर केला १९३१ मध्ये, आणि त्याच वर्षी जवळच कोलोरॅडो नदीवर हूव्हर धरणाचे काम सुरू झाले. धरणामागे लेक मीड हा अवाढव्य जलाशय तयार झाला आणि आज शहराचे सुमारे ९० टक्के पाणी तिथून येते. नदीच्या पाण्यात नेवाडाचा कायदेशीर वाटा वर्षाला ३ लाख एकर-फूट एवढाच आहे. आपल्या हिशेबात तो साधारण १३ टीएमसी होतो. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतील चार धरणांची एकत्रित साठवण सुमारे २९ टीएमसी आहे, म्हणजे त्याच्या निम्म्याहूनही कमी पाणी.

एवढ्या तुटपुंज्या वाट्यावर हे शहर चालते कसे? त्याची किल्ली त्या ओढ्यात आहे. तिकडे त्याला ‘लास व्हेगास वॉश’ म्हणतात. लांबी सुमारे १२ मैल. नियम असा की, लेक मीडमधून घेतलेले जेवढे पाणी शुद्ध करून परत लेक मीडमध्ये सोडाल, तेवढे पुन्हा उचलायची मुभा. त्यामुळे हॉटेलातील पाहुण्याने अर्धा तास शॉवर घेतला तरी ते पाणी हिशेबातून जात नाही. ते गटारातून प्रक्रिया केंद्रात, तिथून ओढ्यात आणि ओढ्यातून तलावात परत जाते. हिशेबातून कायमचे वजा होते ते बाष्पीभवनाने उडणारे पाणी, म्हणजे हिरवळीवर शिंपडलेले, शीतयंत्रांच्या मनोऱ्यांतून हवेत गेलेले. म्हणूनच नेवाडाने २०२१ मध्ये कायदा करून केवळ शोभेच्या हिरवळीला नदीचे पाणी देणे २०२६ अखेरपर्यंत बंद करायचे ठरवले. हॉटेलांतील खोल्यांवर त्यात बंधन नाही, गवतावर आहे. ऐकायला उलटे वाटते, पण हिशेब बरोबर आहे. बेलाजिओची प्रसिद्ध कारंजी साडेआठ एकरांच्या तळ्यात नाचतात. तिथे नदीचे पाणी नाही. जागेवर पूर्वी जे गोल्फचे मैदान होते, त्याच्या जुन्या विहिरीचे पाणी आहे. वाळवंटात कारंजी उडवणे डोळ्यांना खुपते खरे, पण त्यावर बोट ठेवून आपण शोभेच्या गवताकडे दुर्लक्ष करतो.

या ओढ्यातून आज दिवसाला सुमारे २० कोटी गॅलन, म्हणजे ७५ कोटी लिटर पाणी वाहते. बहुतेक सगळे प्रक्रिया केलेले सांडपाणीच. आणि इथेच शहराने दुसऱ्यांदा पाणथळ गमावायची वेळ आणली होती. सांडपाणी जसजसे वाढले तसतसे आधी पाणथळ फोफावले. १९७०च्या दशकात ओढ्याकाठी सुमारे २,००० एकरांवर लव्हाळे पसरले होते. मग शहर इतक्या वेगाने वाढले की पाण्याचा लोंढा ओढ्याला पेलवेना. त्याने तळ खरवडायला सुरुवात केली, पात्र खोल गेले, आणि पात्र खोल गेले की काठावरची जमीन कोरडी पडते. पाणथळाला हवे असते सावकाश पसरलेले उथळ पाणी. खोल घळीतून धावणारे पाणी त्याला निरुपयोगी. १९९०च्या दशकाच्या अखेरीस २,००० एकरांतले जेमतेम २०० एकर उरले होते आणि उखडलेला गाळ लेक मीडमध्ये जात होता. लाखो लोकांना पिण्याचे पाणी देणाऱ्या तलावात.

दुरुस्ती १९९८ मध्ये सुरू झाली, जेव्हा वेगवेगळ्या सरकारी खात्यांनी आणि नागरिकांनी मिळून एक समन्वय समिती नेमली. त्यांनी केले ते आपल्या जलसंधारणवाल्यांना लगेच कळेल. ओढ्यावर ठिकठिकाणी बंधारे घातले, एकूण २१. पाणी अडले, मंदावले, पसरले. काठावर माजलेली टॅमरिस्क ही परकी झुडपे काढून स्थानिक कॉटनवूड आणि विलो लावले. स्वयंसेवक दरवर्षी येऊन रोपे लावतात. आज इथे २,९०० एकरांचे वेटलँड्स पार्क आहे आणि २००हून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. शेजारच्या हेंडरसन गावाने तर सांडपाण्याच्या तळ्यांभोवतीच पक्षी पाहण्याची जागा केली आहे.

आता आरोग्याचा मुद्दा. पाणथळ पाण्याचे काय करते? वेग मंदावल्याने गाळ खाली बसतो. मुळांभोवतीचे जिवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. वनस्पती फॉस्फरस शोषतात. हे फुकटचे काम आहे आणि ते बरेच चांगले होते. पण पाणथळ म्हणजे जादूची चाळणी नव्हे, आणि ज्यांना हॉटेलच्या आराखड्यात ‘नैसर्गिक शुद्धीकरण’ असे दोन शब्द लिहून मोकळे व्हायचे असते त्यांनी हे मुद्दाम वाचावे. १९९७ मध्ये लेक मीडच्या पाण्यात परक्लोरेट सापडले. रॉकेटच्या इंधनात वापरले जाणारे हे रसायन हेंडरसनमध्ये अनेक वर्षे तयार होत होते. ते जमिनीत मुरले, भूजलातून ओढ्यात आले आणि ओढ्यातून तलावात. परक्लोरेट थायरॉइड ग्रंथीला आयोडीन शोषू देत नाही. गरोदर स्त्रिया आणि तान्ही बाळे यांच्यासाठी ते अधिक चिंतेचे, कारण बाळाच्या मेंदूची वाढ थायरॉइडच्या संप्रेरकांवर अवलंबून असते. ओढ्यातल्या लव्हाळ्यांनी हे थांबवले नाही. थांबवले ते दूषित भूजल उपसून, जिवाणूंच्या टाक्यांतून नेऊन. वर्षानुवर्षे हा उपसा आणि प्रक्रिया केल्यानंतर तलावात जाणारे परक्लोरेट ९० टक्क्यांहून अधिक घटले.

सेलेनियमचे आणखी वेगळे. हे मूलद्रव्य शरीराला किंचित लागते, जास्त झाले की विष होते. कॅलिफोर्नियातल्या केस्टर्सन येथे शेतीचे निचऱ्याचे पाणी तळ्यांत सोडले आणि त्यालाच पक्ष्यांचे आश्रयस्थान म्हटले. १९८३ मध्ये तिथे बदकांची आणि इतर पाणपक्ष्यांची व्यंग असलेली पिल्ले जन्माला येऊ लागली. उथळ पाण्यात सेलेनियम शेवाळात, किड्यांत आणि मग अंड्यांत साचत जाते. व्हेगासच्या मातीतही सेलेनियम आहे, म्हणून ओढ्याची आणि पक्ष्यांच्या अंड्यांची तपासणी करावी लागते. तळे खणले, पक्षी आले, फोटो काढले, एवढ्याने पाणथळ निरोगी ठरत नाही. वाईट पाण्याचे तळे पक्ष्यांसाठी सापळाही असू शकते.

दुसरा सापळा उजेडाचा. लक्सर हॉटेलच्या पिरॅमिडच्या टोकावरून १९९३ पासून आकाशात प्रकाशाचा झोत सोडला जातो. ३९ झेनॉन दिवे, प्रत्येकी ७,००० वॅट. कीटक झोताकडे येतात, कीटकांमागे वटवाघळे येतात, त्यांच्यामागे घुबडे. पाहायला मजा येते, पण ही अन्नसाखळी दिव्याने ओढून आणलेली आहे. २०१९च्या जुलैमध्ये ओला हिवाळा आणि वसंत यांच्यानंतर शहरावर नाकतोड्यांचे थवे उतरले. संशोधकांनी हवामानाच्या रडारवरील नोंदी तपासून हिशेब मांडला तेव्हा २७ जुलैच्या एका रात्री आकाशात सुमारे ४.६ कोटी नाकतोडे होते, वजनाने ३० टनांहून अधिक. ते शहराच्या सर्वांत उजळ भागांभोवती गोळा झाले होते, आणि रात्र सरली की आसपासच्या हिरवळीत विखुरले जात. पाणथळाशेजारी हॉटेल बांधताना पहिली गोष्ट कोणती पाहावी, असे मला विचारले तर मी रात्रीचे दिवे म्हणेन. इमारत पाणथळापासून किती लांब आहे यापेक्षा तिचा उजेड किती लांब जातो, हे अधिक महत्त्वाचे. दिव्यांची तोंडे खाली, रंग पिवळसर, मध्यरात्रीनंतर बंद. आणि पक्षी आदळू नयेत म्हणून काचांवर नक्षी. या गोष्टी फार महाग नाहीत. पण कॅसिनोचा धंदाच झगमगाटाचा, त्यामुळे याच सर्वांत आधी वगळल्या जातात.

डासांचेही तसेच. लव्हाळ्यांच्या साचलेल्या कडेला क्युलेक्स डास होतात आणि दक्षिण नेवाडात त्यांच्यातून वेस्ट नाइल विषाणू पसरतो. वाहते पाणी, डासांच्या अळ्या खाणारे मासे आणि नियमित तपासणी, एवढे केले तर हा प्रश्न आटोक्यात राहतो.

एक उदाहरण मात्र तपशिलात सांगितलेच पाहिजे, कारण ‘पाण्याकाठचे कॅसिनो हॉटेल’ ही कल्पना तिथे प्रत्यक्ष उतरली होती. ओढा लेक मीडला मिळण्याच्या आधी, हेंडरसनच्या हद्दीत ‘लेक लास व्हेगास’ नावाचे ३२० एकरांचे कृत्रिम तळे आहे. भोवती इटालियन धाटणीची वस्ती, गोल्फ, पंचतारांकित हॉटेले आणि २००३ मध्ये उघडलेला कॅसिनो. आता प्रश्न हा की ओढ्याच्या वाटेवर बांध घालून तळे केले, तर ओढा गेला कुठे? तो तळ्याच्या तळाखालून जातो. सात-सात फूट व्यासाच्या दोन नळांतून. शहराचे सांडपाणी खाली, आणि वर लेक मीडमधून आणलेले निळेशार पाणी. पाहुण्यांना दिसणारे तळे वेगळे आणि खरा ओढा वेगळा. कुणी काही लपवले असे नाही, सगळे अधिकृत आहे. पण निसर्गाशी एकरूप म्हणून जे विकले गेले त्यात खरा निसर्ग पाइपात आणि नक्कल उन्हात. २००८च्या मंदीत हा प्रकल्प दिवाळखोरीत गेला, कॅसिनो २०१० मध्ये बंद झाला, पुन्हा उघडला आणि २०१३ मध्ये परत बंद पडला. हे पाण्यामुळे झाले नाही, कर्जामुळे झाले. नळ मात्र अजून तिथेच आहेत.

एवढे बाहेरचे झाले. आत, जुगाराच्या टेबलापाशी, हिरवाईचा परिणाम काय होतो? इथे विज्ञान थोडे अडचणीत टाकते. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात एक छोटा अभ्यास छापला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या त्यांनी तपासल्या. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. तेव्हापासून रुग्णालयांच्या रचनेत झाडे, पाणी आणि उजेड यांना मान मिळाला. तो योग्यच आहे.

कॅसिनोंची रचना तेव्हा नेमकी उलटी होती. बिल फ्रिडमन या जाणकाराचा सल्ला असे की छत ठेंगणे ठेवा, वाटा चक्रव्यूहासारख्या करा आणि नजर यंत्रांवरून हलू देऊ नका. मग स्टीव्ह विन आणि त्यांचे सजावटकार रॉजर थॉमस यांनी १९९८ मध्ये बेलाजिओत उंच छत, खरी फुले आणि सूर्यप्रकाश आणला. डेव्हिड क्रेन्स या लेखकाने अशाच मोकळ्या, पाणी-झाडांच्या कॅसिनोची बाजू मांडली होती. त्याला ‘क्रीडांगण’ पद्धत म्हणतात. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठातील संशोधकांनी दोन्ही प्रकारच्या कॅसिनोंची दृश्ये लोकांना दाखवून प्रतिक्रिया मोजल्या. क्रीडांगण पद्धतीत लोकांना अधिक ताजेतवाने वाटले. आणि ठरवले होते त्याहून अधिक खेळण्याची इच्छाही त्याच पद्धतीत जास्त दिसली.

ही दोन वाक्ये एकत्र वाचावीत. थकलेला माणूस उठून घरी जातो. ज्याचा थकवा झाडे-पाणी पाहून उतरला तो बसून राहतो. रुग्णालयात जी खिडकी रुग्णाला लवकर घरी पाठवते, तीच कॅसिनोत गिऱ्हाइकाला घरी जाऊ देत नाही, असे होऊ शकते. अर्थात हा दृश्ये पाहून सांगितलेला हेतू आहे, प्रत्यक्ष खिशातून गेलेले पैसे नव्हेत, हे लक्षात ठेवायला हवे. तरी नताशा शुल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी व्हेगासमध्ये वर्षानुवर्षे यंत्रांपुढे बसणाऱ्यांशी बोलून २०१२ मध्ये जे पुस्तक लिहिले, त्यातील निष्कर्ष याच्याशी जुळतो. अनेकांना जिंकण्यापेक्षा त्या तंद्रीत राहणे हवे असते. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील प्रयोगात तर उंदरांपुढे जुगारासारखी निवड ठेवली आणि जिंकल्यावर दिवे व आवाज जोडले, तेव्हा उंदीर अधिक धोक्याच्या निवडी करू लागले.

जुगाराचे व्यसन हा स्वभावदोष नाही, आजार आहे. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये तो दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या गटात घेतला, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीतही तो आहे. लक्षणे ओळखीची आहेत. रक्कम वाढत जाणे, हरलेले भरून काढायला परत जाणे, घरच्यांपासून लपवणे, थांबवू पाहिले की चिडचिड. त्यामुळे पाणथळाकडे उघडणारी खिडकी यंत्रांच्या दालनात असावी की त्याबाहेर, हा प्रश्न सजावटीइतकाच आरोग्याचाही आहे. माझे मत असे की घड्याळ आणि दिवसाचा खरा उजेड दालनात हवाच. मावळतीचा प्रकाश दिसला म्हणजे निदान किती वेळ गेला ते कळते. पण बसून राहावेसे वाटेल असे झाडे-पाण्याचे सुख यंत्रापाशी नको. ते बाहेर ठेवावे, चालत जावे लागेल इतक्या अंतरावर.

आपल्याकडे महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा केला होता, तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्यात मात्र कॅसिनो आहेत आणि ते थेट पाण्यावरच आहेत, पणजीला मांडवीच्या पात्रात. २०२० पासून गोवेकरांना त्यांत प्रवेशबंदी आहे, म्हणजे व्यसनाचा धोका सरकारला मान्य आहे, फक्त तो पाहुण्यांपुरता ठेवायचा आहे. नदीत थोडे वर गेले की चोडण बेट लागते. तिथे १.७८ चौरस किलोमीटरच्या खारफुटीत सलीम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. मांडवीकाठच्या खाजन शेतांत भरतीचे पाणी मानशीतून आत-बाहेर करण्याची जुनी रीत आहे. भरतीला समुद्राचे पाणी पणजीवरून चोडणकडे जाते, ओहोटीला परत येते. रिबंदरच्या धक्क्यावरून चोडणला जाणारी फेरीबोट संध्याकाळीही सुरू असते. तिच्यात उभे राहून एकदा दोन्हीकडे पाहावे, एका बाजूला दिवे आणि दुसऱ्या बाजूला काळोखी खारफुटी. त्या काळोखात बगळे रातथाऱ्याला बसलेले असतात.